चार खाटांची तालीम

दिवाळी सरली की आमच्या रुग्णालयात ड्युटी लावणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत मानपान सांभाळण्यासारखं होतं. कारण मंडई. भाऊबीजेपासून आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडया भरतात, आज या गावाला, उद्या त्या गावाला. घरात पाहुणे, चुलीवर कोंबडं, बाजारात झुले आणि रात्री नाटक. माहेरच्या मंडईला बाई गेली नाही तर भावजय वर्षभर ऐकवते, आणि सासरच्या मंडईला घरात दिसली नाही तर सासू. म्हणजे माझ्या हाताखालच्या प्रत्येक सिस्टरला दोन-दोन मंडया, आणि वर कोणाच्या तरी मामेबहिणीची तिसरी. मी इन्चार्ज सिस्टर, त्यामुळे आसपासच्या गावांच्या मंडयांचे दिवस मला सरपंचाच्याही आधी कळायचे. एकदा दोन गावांनी एकाच दिवशी मंडई ठेवली, तेव्हा मी एका गावच्या पोलीस पाटलाला फोन करून झापलं होतं. त्यानं दिवस बदलला नाही, पण पुढच्या वर्षी आधी विचारून घेतलं.

इतकी ओढाताण व्हायची, कारण माणसंच कमी. आमचं तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, एका बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि दुसऱ्या बाजूला जंगल. मंजूर पदांचा फलक भिंतीवर सुरेख रंगवलेला होता, फक्त बऱ्याच पदांपुढे ‘रिक्त’ लिहिलेलं. पेंटरनं तो शब्दही लाल रंगात छान काढला होता. एका पाळीला वॉर्डात एक सिस्टर, नशीब चांगलं असेल तर दोन. तिनंच सलाईन लावायचं, बाळंतिणीकडेही तिनंच धावायचं, आणि नातेवाइकांनी पंखा का फिरत नाही म्हणून विचारलं तर त्याचंही उत्तर तिनंच द्यायचं.

आणि तरीही आमच्याकडे चार खाटांची एक खोली होती, तिच्याबद्दल मला सांगायचं आहे.

ती करोनाच्या काळात मिळाली. भिंतीतून ऑक्सिजनचे पाइप आले, चार मॉनिटर आले, एका कोपऱ्यात श्वासाचं यंत्र आलं. साथ ओसरली आणि खोलीला कुलूप लागलं. कोणी साहेब भेटीला आले की कुलूप काढून दाखवायचं, टाळ्या वाजल्या की परत लावायचं. मी मात्र गोंदियाला जाऊन अतिदक्षता विभागात प्रशिक्षण घेऊन आले होते, आणि शिकलेलं वाया जाऊ देण्याचा माझा स्वभाव नाही. मी भांडले. वर भांडले, खाली भांडले, स्टोअरकीपरशी तर दोनदा भांडले, आणि खोली उघडून घेतली. त्याआधी साप चावलेला, छातीत दुखणारा, फवारणीचं औषध पोटात गेलेला, कोणीही आला की आमच्याकडे एकच उपचार होता, रेफर. पेशंटला अँब्युलन्समध्ये घालायचं आणि गोंदियाच्या रस्त्याला लावायचं. तो रस्ता तासाच्या वरचा, मधे जंगल, मधे रेल्वेचं फाटक. काही जण फाटकाशीच संपायचे. खोली उघडल्यावर पहिले काही तास तरी आम्ही माणूस धरून ठेवायला लागलो. बरेच जण इथूनच चालत घरी गेले. या गोष्टीचा मला गर्व होता, आणि तो मी लपवत नसे.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर आमच्या डॉक्टरांनी मला बोलावलं. ते गोंदिया शहरातले, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे, अर्धं हिंदी बोलणारे. माणूस चांगला, पण एकटा. ओपीडी त्यांची, पोस्टमार्टेम त्यांचं, अडलेलं बाळंतपणही त्यांचंच.

“देखो मॅडम,” ते म्हणाले, “उन्हाळ्याच्या आत तुम्ही रिटायर होणार. तुमच्या जागेवर कोणी येईल असं मला तरी वाटत नाही. मी खोली बंद करतो.”

“काऊन?” मी विचारलं. राग आला की माझ्या तोंडून शुद्ध भाषा पळून जाते.

“कारण ती खोली तुमच्यावर चालते. मी लेबर रूममध्ये अडकलो तर तिथं कोण बघणार? आधा सीखा हुआ स्टाफ और सीरियस पेशंट, ये रिस्क मैं नहीं लूँगा. सरळ गोंदिया.”

त्यांचं चुकत नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हटलं, मी जाईपर्यंत बाकीच्यांना तयार करते, मग ठरवा. ते म्हणाले, करा. झालं. माझ्या नोकरीचे शेवटचे महिने कशात जाणार ते ठरलं.

तयार करायचं कोणाला, तर हाताशी तिघं होती. एक जुनी सिस्टर, नवेगाव बांधकडची, हात हलका आणि जीभ तिखट. दुसरी कंत्राटी मुलगी, तिरोड्याकडच्या पोवार शेतकऱ्याची लेक, चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर पिकलेल्या धानावर शिकलेली. हुशार होती, पण आवाज असा की इंजेक्शन टोचल्यावरच पेशंटला कळायचं की तिनं आधी काहीतरी विचारलं होतं. आणि तिसरा आमचा ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक. तो हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायचा. खलनायक. मंडईच्या दिवसांत त्याची ड्युटी लावणं हे तर मी देवावर सोडलं होतं.

शिकवायला पुतळा हवा होता. वर मागितला तर कधी आला असता देव जाणे. ब्रदरनं हॉस्पिटलच्या जुन्या गाऊनमध्ये तणीस, म्हणजे धानाचा पेंढा भरला, छातीच्या जागी फाटक्या गादीचा फोम कोंबला, गाडग्याचं डोकं बसवलं आणि वर मिशा काढल्या. जुन्या सिस्टरनं त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि म्हणाली, “हा तर माझा सासरा.” तेव्हापासून त्याचं नाव सासरा. छाती दाबायचा सराव करताना जोर कमी पडतो अशी तक्रार आमच्याकडे कधीच आली नाही.

तरी पहिले काही दिवस नुसता गोंधळ होता. एकीच्या हातात अंबू बॅग, म्हणजे तोंडावर धरून श्वास द्यायचा फुगा, तर दुसरी तोच शोधत फिरायची. मुलगी औषध भरायची आणि कोणाला सांगायचीच नाही. मी सूचनांवर सूचना देऊन थकले. तेव्हा ब्रदर म्हणाला, “मॅडम, तुमी उगाच पाठ करवून राहिल्या. आमी नाटक कसा करतो? दोन तालमीत. पाठ नाही करत. प्रॉम्प्टर रायते ना समोर.”

ज्यांनी आमच्याकडचं नाटक पाहिलं नाही त्यांना सांगते. स्टेजच्या पुढच्या बाजूला खालच्या खड्ड्यात एक माणूस बसलेला असतो, छोटा दिवा लावून. सगळं नाटक तो खालच्या आवाजात वाचत जातो आणि नट ते उचलून वर गर्जतात. हंगामात एकेका नटाची इतकी नाटकं असतात की पाठ करायला वेळ कोणाला. प्रेक्षकांनाही ते माहीत असतं, कोणाला त्याचं काही वाटत नाही.

तर मी प्रॉम्प्टर झाले. खाटेच्या उशाशी उभी राहून हळूच म्हणायचे, “श्वास बघ,” की मुलगी ओरडायची, “श्वास बघते.” मी म्हणायचे, “ऑक्सिजन,” की जुनी सिस्टर, “ऑक्सिजन लावला.” मी म्हणायचे, “अ‍ॅड्रेनालिन,” आणि ब्रदर असा गरजायचा की वऱ्हांड्यातल्या पेशंटच्या नातेवाइकांनी खिडकीला गर्दी करावी. ब्रदरनं मुलीला रुग्णालयाच्या मागच्या मोहाच्या झाडाखाली नेऊन पोटातून आवाज काढायला शिकवलं. शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हातारीला ऐकू गेला पाहिजे, असा त्याचा हिशेब. ती आधी लाजली, मग चिडली, आणि चिडल्यावर आवाज निघाला. काही दिवसांत तालीम अशी रंगली की एकदा खिडकीतल्या एका आजोबांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, “वा मॅडम.” मी त्या दिवशी घरी जाताना अर्धा किलो पेढे घेतले. खोली वाचली असं मी मनाशी धरून चालले होते.

मग एका दुपारी मी खोलीशेजारच्या ड्युटी रूममध्ये जेवत होते. एका म्हाताऱ्याला बैलबंडीतून आणलं. साखरेच्या आजाराची गोळी घेऊन उपाशीपोटी शेतात गेलेला, घामानं चिंब, हाकेला ओ नाही. तिघंही तिथंच होती. मी तोंडात घास घेऊन दारात आले, तर तिघं आपापल्या जागी अगदी बरोबर उभी. मुलगी डोक्याशी, जुनी सिस्टर हाताशी, ब्रदर औषधांच्या ट्रेशी. चेहरेही बरोबर. आणि तिघांचे डोळे माझ्याकडे.

मला क्षणभर कळेचना. मग कळलं. तिघं वाट बघत होती. माझा घास गिळून होण्याची.

मी तसाच घास तोंडात ठेवून बोटानं दाखवलं, आधी बोट टोचून साखर बघा. बघितली, अगदी तळाला गेलेली. ग्लुकोज शिरेतून गेलं आणि म्हातारा डोळे उघडून, माझे बैल कोणी बांधले, असं विचारायला लागला. सगळे हसले. मी नाही हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

“तुम्हाला येत नव्हतं का? रोज करता ना?”

“येते ना जी,” मुलगी म्हणाली. “पण तुमी बोलल्याच नाही.”

ब्रदरनंही मान हलवली. त्याच्या मते दोष सरळसरळ माझा होता. प्रॉम्प्टर जेवायला बसतो का कधी? आणि दारात डॉक्टर उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते फक्त एवढंच म्हणाले, “मॅडम, नाटक अच्छा था,” आणि गेले. इतका अपमान माझा स्टोअरकीपरनंही कधी केला नव्हता.

घरी जाऊन मी धुसफुसत भांडी घासली. खरी गोष्ट अशी होती की आम्ही चौघांनी मिळून मन लावून चुकीचं काम केलं होतं. मी सांगत होते ते त्यांना ऐकू येत होतं, आणि ऐकू येत असेपर्यंत त्यांना आठवायची गरज नव्हती. मोठ्या रुग्णालयात असं चालून जातं. तिथं एकीला सुचलं नाही तर दुसरी असते, दुसरीला नाही तर तिसरी. आमच्याकडे पाळीला एक बाई. तिच्या उशाशी कोण उभं राहणार?

दुसऱ्या दिवसापासून मी तालमीच्या वेळी खोलीबाहेरच्या बाकावर बसायला लागले. दार उघडं, तोंड बंद. माझ्यासारख्या बाईला ही शिक्षा काय असते ते माझ्या नवऱ्याला विचारा. आत पुन्हा गोंधळ. सासरा दोनदा खाटेवरून पडला आणि एकदा त्याच्या छातीचा फोम बाहेर आला. मी बाकाची कड घट्ट धरून बसायचे. रोज एकजण मुख्य, बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं, पण मधेच मुद्दाम चुकीची वस्तू हातात द्यायची. चुकीची वस्तू देण्यात जुनी सिस्टर पटाईत. मागितला ऑक्सिजनचा मास्क तर ती बेडपॅन पुढे करायची, आणि चेहरा असा गंभीर की मुलीनं एकदा ते घेतलंसुद्धा. ब्रदर आठवडाभर रुसला होता. त्याला प्रॉम्प्टरशिवायचं नाटक मुळात पटतच नव्हतं. पण मुख्य व्हायची पाळी आली की रुसवा विसरायचा, कारण मुख्य भूमिका त्याला नाटकात कधी मिळाली नव्हती.

माझ्या मात्र जिवाला घोर लागून राहिला. तालमीत येतं ते त्या दिवशीही येतच होतं. खरा माणूस समोर आला की काय होईल, हे सासऱ्यावरून कळत नाही.

धान कापणी जोरात सुरू झाली. मंडयाही जोरात. ब्रदर कुठल्याशा गावी खलनायक व्हायला गेला होता, तशी मीच त्याला सुटी दिली होती. सकाळच्या पाळीला वॉर्डात मुलगी आणि जुनी सिस्टर. मी समोरच्या खोलीत पुढच्या आठवड्याच्या मंडया जुळवत बसले होते. तेवढ्यात मोटारसायकल थेट पायऱ्यांपर्यंत आली. मधे एक बाई, पुढे नवरा, मागे शेजारी. बांधीत धानाच्या कडपा, म्हणजे कापून पसरलेले पेंढ्यांचे थर उचलताना नाग चावला होता, उजव्या हाताच्या बोटाला. बाईच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. बोलणं नाकातून येत होतं.

डॉक्टर आले, पाहिलं, सापाच्या विषावरचं औषध सलाईनमधून सुरू करायला सांगितलं. ते औषधच कधी कधी अंगावर उठतं, म्हणून अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन भरून ट्रेमध्ये तयार ठेवायचं आणि तसं काही दिसलं तर कोणाला न विचारता द्यायचं, ही त्यांची आमच्याकडची पक्की सूचना होती. औषध सुरू झालं आणि लेबर रूममधून हाक आली, बाळंतिणीला रक्तस्राव होतोय. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि धावले.

मी दारात उभी राहिले. आत गेले नाही. जुनी सिस्टर अंबू बॅग घेऊन उशाशी, मुलगी सलाईनपाशी. बाईचा नवरा पायथ्याशी उभा होता, हाताला अजून धानाची कुसं लागलेली.

थोड्या वेळानं बाईनं डाव्या हातानं मान खाजवली. मग पोट. मला ते दिसलं. मुलगी तेव्हा रक्तदाबाच्या पट्ट्याकडे वळलेली होती. शब्द माझ्या जिभेवर आला होता, अगदी दातांपर्यंत. मी काही माथेफिरू नाही. एका माणसाच्या जिवावर मी परीक्षा घेत बसले नसते, अजून एक श्वास आणि मी बोलणारच होते. पण त्याआधीच मुलीचा हात सलाईनच्या चाकाकडे गेला.

“औषध बंद केला,” ती म्हणाली. ओरडली नाही, पण खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. “अंगावर गांध्या उठून राहिल्या. श्वासात शिट्टी आहे. अ‍ॅड्रेनालिन देतो मी. तुमी ऑक्सिजन वाढवा, पाय वर घ्या.”

मांडीत इंजेक्शन गेलं. जुन्या सिस्टरनं ऑक्सिजन वाढवला, आणि या वेळी तिनं बेडपॅन पुढे केलं नाही. मुलीनं बाईच्या नवऱ्याला त्याच्याच भाषेत, पोवारीत, दोन वाक्यं सांगितली. तो लेबर रूमकडे डॉक्टरांना सांगायला पळाला. रिकामा हात दिसला की कामाला लावायचा, हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. मी असते तर त्याला बाहेर काढलं असतं.

मला राहवलं नाही. मी नकळत पुढे गेले, खाटेपर्यंत. मुलगी दुसऱ्या सलाईनसाठी डाव्याच हातात आणखी एक शीर शोधत होती, खाली वाकून, बोटानं चाचपत.

“मॅडम,” ती वर न बघता म्हणाली, “उजेड अडवून राहिल्या तुमी. बाजूले व्हा.”

मी झाले बाजूला. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून वऱ्हांड्यापर्यंत. आमच्या रुग्णालयात मला बाजूला व्हायला सांगणारं आजवर कोणी जन्मलं नव्हतं, आणि जिच्या तोंडून आवाज निघत नाही म्हणून मी डोकं धरून बसत होते तिनं ते सांगितलं होतं. मी बाकावर बसले.

डॉक्टर धावत आले. हातमोजे तसेच, कपाळावर घाम. सवयीनं मलाच विचारलं, “क्या हुआ? पेशंट कशी आहे?”

“मला नका विचारू, सर,” मी म्हटलं. “पेशंट तिची आहे. तिला विचारा.”

ते आत गेले. मुलीचं बोलणं दारातून ऐकू येत होतं, काय दिसलं, काय दिलं, आता रक्तदाब किती. एकदाही अडखळली नाही. मग डॉक्टरांचा आवाज, औषध पुन्हा हळूहळू सुरू करा. बऱ्याच वेळानं ते बाहेर येऊन माझ्या शेजारी बसले. बाईच्या श्वासातली शिट्टी थांबली होती. बाळंतीणही सावरली होती. दिवस उतरता उतरता त्या बाईनं पापण्या उचलून नवऱ्याकडे पाहिलं, हे मला नंतर कळलं.

“मॅडम,” डॉक्टर म्हणाले, “खोली बंद नाही करत.”

मी हो म्हटलं. जीव भांड्यात पडला होता. इतकं समाधान मला माझ्या बढतीच्या आदेशानंही दिलं नव्हतं, हे खरं. पण दुसरंही खरं आहे, आणि तेही सांगून टाकते. डॉक्टर उठून गेल्यावर मी तिथंच बसून राहिले. आत भांड्यांचा आवाज येत होता, मॉनिटरची टिकटिक येत होती, दोघी एकमेकींशी बोलत होत्या. काही अडलं तर कोणीतरी दारातून डोकावेल, एखादी बारीकशी गोष्ट तरी विचारेल, म्हणून मी दाराकडे बघत होते. पाळी संपेपर्यंत बघत होते. कोणी आलं नाही.